कुरण नसलेल्या गावची कुरणशाळा

२१ जुलै २०१६ रोजी कुवेतच्या वायव्य वाळवंटात, मित्रिबा इथल्या हवामान केंद्रावर पारा ५३.९ अंश सेल्सिअसला टेकला. जागतिक हवामान संघटनेने उपकरणं आणि नोंदी तपासून २०१९ मध्ये त्या आकड्यावर शिक्कामोर्तब केलं. आशिया खंडात अधिकृतपणे नोंदलेलं ते सर्वांत जास्त तापमान ठरलं. अशा देशात तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी उघड्यावर खेळावं, मातीत हात घालून शिकावं, असं म्हटलं तर अब्बासिया किंवा मंगफ या वस्त्यांत राहणाऱ्या मराठी आईबापांचं उत्तर ठरलेलं असतं : इथे कुठला आलाय निसर्ग?

या उत्तरामागे एक हिशेब असतो. निसर्ग म्हणजे सुट्टीत गावाला गेल्यावर. कुवेतमधल्या भारतीय शाळांना जून ते ऑगस्टच्या दरम्यान सुमारे दोन महिने सुट्टी असते, म्हणजे ऐन पावसाळा. मग मूल चिपळूणला किंवा साताऱ्याला जातं, चिखलात लोळतं, खेकडे बघतं, आजीबरोबर परसात फिरतं आणि सप्टेंबरात परत येऊन एसीच्या खोलीत बसतं. दहा महिने उपास आणि दोन महिने पंगत, असा हा प्रकार आहे. चार वर्षांच्या मुलाला तो मानवत नाही. त्या वयात शिकणं रोजच्या उजळणीने होतं, तेच झाड, तोच खड्डा, तीच मुंगी पुन्हा पुन्हा पाहून. वर्षातून एकदा दिसलेला पाऊस त्याच्यासाठी जत्रेइतकाच असतो.

उरलेले दहा महिने कसे जातात ते कुवेतमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. दोन खोल्यांचा फ्लॅट, धुळीसाठी बंद खिडक्या, लिफ्ट, शाळेची बस, बालवर्ग, परत बस. इमारतीखाली अंगण नसतं, गाड्या असतात. तिथे पोरं खेळायला लागली की हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार, हटकतो, आणि त्याचंही चुकत नाही, कारण मागे घेतल्या जाणाऱ्या गाडीला तीन फुटांचं मूल दिसत नाही. संध्याकाळी मॉलमधल्या सॉफ्ट प्लेमध्ये तासाचे पैसे भरून मूल प्लास्टिकच्या गोळ्यांच्या हौदात सोडायचं. तिथला प्रत्येक गोळा सारख्याच आकाराचा आणि सारख्याच वजनाचा. मुलाच्या हाताला त्यातून नवीन काहीच कळत नाही. बाहेरची जागा असलेल्या नर्सऱ्यांत बहुधा हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं असतं, आणि उन्हात ते आजूबाजूच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. दिसायला हिरवं असलं की निसर्ग झाला, अशी आपली समजूत.

ही समजूत युरोपातून आलेल्या चित्रांनी पक्की केली. १८४० मध्ये जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने बालोद्यानाची कल्पना मांडली, त्यात प्रत्येक मुलाला जमिनीचा एक तुकडा असे. १९५० च्या दशकात डेन्मार्कमध्ये एला फ्लाताऊ या बाईंनी मुलांना रोज जंगलात न्यायला सुरुवात केली आणि जंगलशाळांची चळवळ उभी राहिली. उत्तम कामं आहेत ही. पण कुवेतमध्ये वर्षाला जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो. युरोपातल्या बर्चच्या झाडांखाली रबरी बूट घालून बसलेल्या मुलांचे फोटो बघितले की पालकाला एवढंच वाटतं की आपल्याकडे हे नाही, म्हणजे आपल्याकडे काहीच नाही. मराठी माणसाला याहून जवळचा गुरू घरातच आहे.

ताराबाई मोडक भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या. १९२६ मध्ये सुरू झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ. माँटेसरी पद्धत त्यांनी मुंबईत रुजवली, पण ती महागडी साधनं आणि शहरी मुलं एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. १९४५ मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर हललं, थेट वारली पाड्यांच्या मधोमध.

तिथे पहिली अडचण आली ती अशी की शाळा होती, बाई होत्या, मुलंच येत नव्हती. न येण्याचं कारण आळस नव्हतं. पाच-सहा वर्षांचं मूल धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळत होतं, त्याहून थोडं मोठं मूल गुरं राखायला रानात जात होतं. ताराबाईंनी मग मुलांना बोलावणं सोडून दिलं आणि शाळाच मुलांकडे नेली. पाड्यावरच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरं चरत असतील तिथे भरली ती कुरणशाळा. गुरं चरायची आणि जवळच झाडाच्या सावलीत मुलं मोजायची, चित्रं काढायची, गाणी म्हणायची. लाकडी ठोकळ्यांची आणि पितळी वजनांची जागा शंख-शिंपले, खडे, बिया, काड्या, पानं यांनी घेतली. ती फुकट होती आणि मुलांच्या ओळखीची होती. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. कुरणशाळा मात्र सरकारी कागदांत फारशी शिरली नाही. माझ्या मते त्या दोघींचं अधिक धाडसी काम तेच होतं.

कोसबादच्या मुलांना जंगल दाखवण्याची गरजच नव्हती, ती त्यातच वाढत होती. बाईंनी तीन गोष्टी केल्या. मूल जिथे आहे तिथे गेल्या, मुलाला मोकळीक असेल ती वेळ धरली, हाताशी असेल ती वस्तू घेतली. या तीनही गोष्टी कुवेतमध्ये करता येतात. त्यासाठी एकही झाड आयात करावं लागत नाही. फक्त कुवेतचं वेळापत्रक शिकावं लागतं, आणि ते आपल्या चैत्र-वैशाखाच्या उलटं आहे.

तसं पाहिलं तर कुवेती मुलांचं बालपणही एके काळी बाहेरच जाई. तेल येण्यापूर्वीच्या कुवेत शहरात घराच्या मध्यभागी उघडं अंगण असायचं, त्याला होश म्हणत. वस्ती म्हणजे फिरीज, आणि गल्ल्या जिथे मिळत त्या मोकळ्या जागेला बराहा. तिथे पोरं गोट्या खेळत, भोवरे फिरवत. समुद्र हाकेच्या अंतरावर होता. इंग्रज राजकीय प्रतिनिधी हॅरल्ड डिक्सन १९२९ मध्ये सहकुटुंब कुवेतला आला. त्याची झहरा नावाची मुलगी कुवेत शहरात आणि बदूंच्या तंबूंमध्ये वाढली, आणि पुढे तिने त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. तिच्या आईने, व्हायोलेट डिक्सनने, वाळवंटात फिरून झाडं-फुलं गोळा केली आणि १९५५ मध्ये कुवेत-बहरीनच्या रानफुलांवर पुस्तक काढलं. एका जांभळट रानफुलाच्या शास्त्रीय नावात आजही डिक्सन आहे. ज्या देशात निसर्ग नाही म्हणतात, तिथल्या फुलांवर पुस्तक होतं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. समुद्राकाठचं डिक्सनांचं घर आता संग्रहालय म्हणून उभं आहे, मुलांना तिथे जरूर न्यावं.

मग १९५२ चा नगररचना आराखडा आला, तोही लंडनच्या मंडळींनी केलेला. १९२० मध्ये बांधलेली शहराची भिंत १९५७ मध्ये पाडली, वेशी तेवढ्या ठेवल्या. गाड्यांसाठी रिंग रोड झाले, बराहा गेले. म्हणजे मराठी मूलच तेवढं अंगणाबाहेर पडलेलं नाही, कुवेती मूलही पडलं आहे. फरक इतकाच की कुवेती कुटुंबाने वाळवंटाशी हिवाळ्याचं नातं सोडलेलं नाही. साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च हा छावण्यांचा हंगाम. घरंच्या घरं तंबू ठोकून वाळवंटात राहायला जातात. एका दिवसाच्या सहलीला ते कश्ता म्हणतात. आपण मात्र त्या दिवसांत मॉलमध्ये असतो.

वेळापत्रकाची सुरुवात आकाशापासून करता येते. ऑगस्ट संपता संपता पहाटे दक्षिण क्षितिजावर सुहैल उगवतो. हा आपला अगस्ती. अगस्ती उगवला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं असं आपल्याकडे मानतात, आणि सुहैल दिसला की उन्हाळ्याची धार उतरते असं अरब मानतात. तारा एकच, काम दोन. ऑक्टोबरच्या मध्याला वस्म हा पावसाचा हंगाम लागतो, तो सुमारे बावन्न दिवसांचा. या दिवसांत पाऊस पडला तर त्याला मोल आहे, कारण त्या पावसानंतर जमिनीखाली फग्गा धरतो. फग्गा म्हणजे वाळवंटातली अळंबी, बटाट्यासारखी गोलमटोल. एका छोट्या झुडपाच्या मुळांशी तिची भागीदारी असते. ती वाढली की वरची जमीन किंचित फुगते आणि तडकते. फग्गा शोधायचा म्हणजे तो बारीकसा तडा शोधायचा. खाली वाकून, नजर जमिनीला लावून चालणारं चार वर्षांचं मूल त्या कामाला मोठ्यांपेक्षा सरस असतं, कारण त्याची नजर मुळातच जमिनीजवळ असते. विजा कडाडल्या की फग्गा जास्त मिळतो असं इथले म्हातारे सांगतात. कोकणातले म्हातारेही अळंबीबद्दल हेच सांगतात.

पाऊस बरा झाला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळवंट पालवतं. अरफज हे कुवेतचं राष्ट्रीय फूल, पिवळ्या फुलांचं बुटकं झुडूप. ते आता सगळीकडे दिसत नाही, कारण उंट-मेंढ्यांची अति चराई आणि गाड्यांची चाकं यांनी जमीन दाबून टाकली. कुंपण घातलेल्या सबाह अल-अहमद राखीव क्षेत्रात मात्र ते पुन्हा उभं राहिलं आहे. कुंपणाच्या आत आणि बाहेर एवढा फरक का, हा प्रश्न पाच वर्षांचं मूल विचारू शकतं. पर्यावरणाचा त्याहून चांगला धडा पाठ्यपुस्तकात सापडायचा नाही.

पण लहान मुलांसाठी कुवेतमधली सर्वांत समृद्ध जागा मला वाळवंटात दिसत नाही. ती आहे खाडी. कुवेतच्या उपसागरात भरती-ओहोटीचा फरक तीन-चार मीटरपर्यंत जातो आणि किनारा इतका सपाट की ओहोटीला सुलैबिखातच्या बाजूला चिखलाची मैदानं उघडी पडतात. त्या चिखलात निवट्या असतात. मुंबई-कोकणच्या खाडीतल्या त्याच निवट्या, डोळे वर, पंखांवर फुदकत चालणाऱ्या, पाण्याबाहेर बिनदिक्कत श्वास घेणाऱ्या. कुवेतच्या चिखलात त्या आणखी एक गोष्ट करतात, आणि शास्त्रज्ञांनी तिची मुद्दाम नोंद केली आहे. प्रत्येक निवटी आपल्या हद्दीभोवती तोंडाने चिखल आणून बांध घालते. शेजारणींचे बांध एकमेकींना भिडतात आणि सगळा किनारा पंचकोनी-षट्कोनी चौकटींचा होऊन जातो. आत थोडं पाणी साचतं, त्यात शेवाळ धरतं, ते ती खाते. म्हणजे शेतकरीणच. ज्या मुलाला आपण घरात कागदावर त्रिकोण-चौकोन गिरवायला लावतो, त्याला एकदा हे काठावर बसून बघू द्यावं. बघण्यासाठी दुर्बीण लागत नाही, गप्प बसायला मात्र लागतं, आणि निवटीसमोर मुलं गप्प बसतात. सांडपाण्याचे नाले जिथे समुद्राला मिळतात तिथे मुलांना चिखलात उतरवू नये, काठावरून बघावं. हाताने खेळायला स्वच्छ वाळूचा किनारा वेगळा निवडावा.

याच खाडीवर हिवाळ्यात रोहित येतात, तेच जे शिवडी-ठाण्याच्या खाडीत दिसतात. बागांमध्ये धोबी पक्षी शेपटी हलवत फिरतो, स्थलांतराच्या दिवसांत हुदहुद उतरतो. कुवेतमध्ये चारशेच्या वर जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत, कारण हा देश स्थलांतराच्या वाटेवर आहे. आणि साळुंकी तर बारमाही, आपल्याचसारखी बाहेरून येऊन स्थायिक झालेली. तिला परत जायची चिंता नाही एवढंच.

शहरातही काही आहे. सिद्राची झाडं रस्त्याकडेला आणि घरांच्या आवारात लावलेली असतात. त्याच्या फळाला इथे कनार म्हणतात. चवीला आणि रूपाला ते आपलं बोर. पडलेली बोरं वेचणं, मोजणं, आकाराप्रमाणे लावणं, बिया जपून ठेवणं हा कोसबादच्या बायांचा अख्खा पाठ झाला, खर्च शून्य. वफ्राच्या शेतमळ्यांत ऑक्टोबर ते मार्च भाजीपाला पिकतो. बाल्कनीतल्या कुंडीत मेथी-कोथिंबीर याच दिवसांत लावायची, जूनमध्ये नाही. मुलाच्या नावाची एक कुंडी असावी आणि ती वाळली तर वाळू द्यावी. गुपचूप पाणी घालून मुलाला फसवू नये.

आता भीतीची बाजू, कारण ती खरी आहे. १९९०-९१ च्या इराकी आक्रमणात या जमिनीत लाखो सुरुंग पेरले गेले. बहुतेक काढले, तरी पावसाने आणि वाळू सरकल्याने अधूनमधून काहीतरी उघडं पडतं. म्हणून मान्यताप्राप्त छावणीच्या जागीच जायचं, आणि मुलाला पहिला धडा हा द्यायचा की ओळखीची नसलेली धातूची वस्तू उचलायची नाही, मोठ्यांना हाक मारायची. दगड हाताने उलटायचा नाही, विंचू असतो. शमाल वाऱ्याने धूळ उठली की त्या दिवशी घरातच, आणि दमा असलेल्या मुलाच्या बाबतीत तर चर्चाच नको. उन्हाळ्यासाठी मापदंड सरकारनेच घालून दिला आहे. जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करवून घ्यायला बंदी आहे. कामगाराला जी वेळ वर्ज्य, ती मुलाला त्याहून वर्ज्य. पण जूनमध्ये कुवेतचा सूर्य पाचच्या आधीच उगवतो. सहा वाजता कोर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, अर्धा तास जाता येतं. गावी पाचला उठणारे आपण इथे सुट्टीच्या दिवशी नऊला उठतो, हा हवामानाचा दोष नव्हे.

हे सगळं कशासाठी, असं विचारणाऱ्याला थोडे आकडेही देता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि पडद्यासमोर एका तासाहून जास्त बसू नये. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीतल्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, तेव्हा तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी आलेली मुलं ३०.४ टक्के निघाली. बाकीच्या शाळांत हा आकडा ३९.५ टक्के होता. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२० मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी पाळणाघरांच्या फरशीच्या आवारात जंगलाची माती आणि हिरवळ आणून टाकली. २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या काही खुणा सुधारल्या. फिनलंडच्या जंगलातली माती म्हणजे कुवेतची वाळू नव्हे, तेव्हा हा शेवटचा निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावायला मी धजावणार नाही. डोळ्यांचा मात्र सरळ लागू पडतो. उजेड इथे हवा तेवढा आहे.

आकड्यांपेक्षा मला वाळूच जास्त पटते. कोरड्या वाळूचा ढीग तीस-पस्तीस अंशांच्या उतारावर येऊन थांबतो, त्याहून उभा करू गेलं की घसरतो. थोडं पाणी घातलं की भिंत उभी राहते. जास्त घातलं की पुन्हा कोसळते. किती पाणी, हे मुलाला कुणी सांगून कळत नाही, वीस वेळा भिंत पडल्यावर कळतं. आपले बालवर्ग ते वीस प्रयत्न करू देत नाहीत, त्यांना तोवर ओळीत अक्षरं हवी असतात. चौथ्या वर्षी पेन्सिल, साडेचारला गृहपाठ. पालकही वही बघूनच शाळा जोखतात, तेव्हा दोष एकट्या शाळेचा नाही. आपल्या पणजोबांनी धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवली. पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोट फिरवायचं, चुकलं की हात फिरवून साफ. चुकीची शिक्षा नव्हती, खाडाखोड उरत नव्हती. कुवेतमध्ये धूळ आणायला जावं लागत नाही, ती खिडकीच्या फटीतून आपणहून येते.

आणि दिवाळीत तर निमित्त तयारच आहे. वस्म चालू असतो, हवा उतरलेली असते आणि आपल्याकडे किल्ल्याचे दिवस असतात. परदेशात किल्ला म्हणजे हल्ली थर्माकोल कापून वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागून केलेली कलाकृती, मुलाने फक्त फोटोपुरतं शेजारी उभं राहायचं. त्याऐवजी वाळू, माती, पाणी आणि गोणपाट मुलांच्या हाती द्यावं. किल्ला वाकडा होईल, राजगड म्हणून ओळखू येणार नाही, बिघडलं कुठे? वर हळीव पेरावेत. हळीव इथल्या जमियात, म्हणजे सहकारी दुकानात, हब्ब रशाद म्हणून मिळतात. बाळंतिणीला आपण हळिवाचे लाडू देतो, आखातातल्या बायकाही बाळंतिणीला रशाद देतात. पेरल्यावर दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, चार वर्षांच्या मुलाला तेवढी वाट बघता येते.

कुवेतमधलं महाराष्ट्र मंडळ गणपती-दिवाळी उत्साहाने करतं, मुलांना रंगमंचावर आणतं. त्याबरोबर आणखी एक काम हाती घ्यावं अशी विनंती आहे. छावण्यांच्या हंगामात सतरा-अठरा शुक्रवार येतात. त्यांतल्या निम्म्या शुक्रवारी सकाळी दोन तास तीन ते सहा वर्षांच्या मुलांची कुरणशाळा भरवावी, कधी किनाऱ्यावर, कधी वफ्राच्या मळ्यात, कधी सिद्राच्या झाडाखाली. दर पाच मुलांमागे एक मोठा माणूस असावा. कार्यक्रमपत्रिका नको, बक्षिसं नकोत, फोटो शेवटी एकच काढावा. आजी-आजोबा भेटीच्या व्हिसावर आलेले असतील तर त्यांना आधी न्यावं, निवटी कशी बघायची ते त्यांना ठाऊक असतं. ओहोटीची वेळ फोनवर बघून निघावं. सोबत बादली, दोन पेले, प्यायचं पाणी, टोप्या आणि मळले तरी चालतील असे कपडे घ्यावेत. खेळणी घरी ठेवावीत.